मित्र कोण, ओळखीचा कोण? तुमचे अनुभव लिहा

मागच्या महिन्यात फोन बदलला. जुन्यातले नंबर नव्यात आले, तेव्हा सहाशे बारा नावं निघाली. काही तर कोण आहेत तेही आठवेना. मग एक चाळा केला. काही काम नसताना फोन लावला, तर "बोल, काय काम काढलंस?" असं कोण विचारणार नाही? चार नावं उरली. रॉबिन डनबार या मानववंशशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात मांडलं होतं, की माणसाला साधारण १५० नातीच सांभाळता येतात आणि त्यातली अगदी आतली जेमतेम पाच. त्यात घरचेही आले. म्हणजे माझे चार काही वाईट नाहीत! तुमची चाळणी कोणती? सविस्तर लिहा.

*

बाबा अतिदक्षता विभागात होते. "काही लागलं तर हक्काने सांग" असे फोन इतके आले, की तेच उचलून थकलो. एकाने फोन केलाच नाही. रात्री साडेअकराला थेट आला तो चार्जर, टॉवेल आणि स्लीपर घेऊन. घाईत मी ऑफिसचे बूट घालूनच निघालो होतो आणि दोन दिवस त्यातच होतो, हे त्याच्या कसं लक्षात आलं देव जाणे. बाकड्यावर बसला, क्रिकेटबद्दल काहीतरी बडबडला आणि पहाटे गेला. बाबांचं कसं आहे, एकदाही विचारलं नाही.

*

उसने पैसे दिले होते. पैसेही गेले, तोही गेला. जास्त काय लिहू?

*

दुःखात येतात हो लोक. मला बढती मिळाली तेव्हा गंमत कळली. ग्रुपवर अंगठे पडले भरपूर, पण जिच्याशी रोज बोलायचे ती पंधरा दिवस 'बिझी' होती.

*

माझा अनुभव उलटा आहे. शेजारच्या टेबलावर आठ वर्षं बसणारी मैत्रीण. तिच्या घटस्फोटाची बातमी मला तिसऱ्याकडून कळली, तीही चार महिन्यांनी. राग आला, मग लाज वाटली. मी तिला मैत्रीण मानत होते, तिच्या लेखी मी सहकारी होते. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासात जवळची मैत्री व्हायला २०० हून अधिक तास लागतात असं दिसलं. वाचून वाटलं, आमचे तर हजारो झाले! पण नुसत्या कामात एकत्र गेलेले तास तितके धरायचे नसतात, असंही त्यातच निघालं. आठ वर्षांत ऑफिसबाहेर आम्ही किती वेळा भेटलो असू? दोनदा.

*

ओळखीच्यांना इतकं खाली बसवू नका. माझी नोकरी गेली तेव्हा जिवलगांनी धीर दिला. जागा कुठे आहे ते सांगितलं वर्षातून एकदा दिसणाऱ्या माणसाने. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये हेच लिहिलं होतं. जवळच्यांना जे ठाऊक, ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतं. नवी खबर येते ती लांबच्या माणसाकडून.

*

धागाकर्ता पुन्हा. हे सगळं वाचून त्या चौघांपैकी एकाला मुद्दाम फोन लावला. पहिलाच प्रश्न : "कोण बोलतंय?" त्याचाही फोन बदललाय म्हणे, नंबर सगळे उडाले. मग पाऊण तास बोललो. काम काहीच नव्हतं.