मदत हवी आहे: हार्डटेल फ्रेम मापाची बनवून घ्यावी की तयार घ्यावी? (पाय लांब, रस्ता काळ्या मातीचा)

पांधनवाला

नमस्कार मंडळी,

परतवाड्यापासून आत एका खेड्यात राहतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. सायकल रोजची आहे, हार्डटेल म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली. शाळेत जाणं-येणं पांधनीने (शेतांमधल्या वाटेने), सुट्टीच्या दिवशी धामणगाव गढीकडून चिखलदऱ्याचा चढ. व्याघ्र प्रकल्पाच्या आतल्या वाटांवर मी सायकल नेत नाही, त्यामुळे तो वाद इथे नको.

जुन्या अल्युमिनियम फ्रेमला सीट ट्यूबवर (सीटखालच्या उभ्या नळीवर), टॉप ट्यूबच्या (वरच्या आडव्या नळीच्या) जोडाच्या खाली, बारीक रेघ दिसली. रंग उडाला असेल म्हणून नखाने खरवडलं तर नख अडकलं. तडाच आहे. फ्रेम आता वाड्यात टांगली. बाकी सामान धडधाकट आहे: २९ इंची चाकं, मागचा हब बूस्ट म्हणजे १४८ बाय १२, १३० मिमी दबणारा पुढचा फोर्क टेपर्ड स्टिअररचा (वरची नळी खाली जाड होत जाणारी), ७३ मिमीची आट्यांची बीबी (पायडलचा आस बसतो तो भाग), २.४ चे टायर. हे सगळं नव्या फ्रेमवर चढवायचं आहे.

अडचण मापांची. उंची ६ फूट २ इंच, म्हणजे १८८ सेंमी, पण इनसीम (जांघेपासून तळपायापर्यंत) ९३ सेंमी. पाय उंट, धड आखूड. लार्ज फ्रेम घेतली की सीटपोस्ट वर आणि हँडल खूप खाली. एक्सएल घेतली की हात ताणले जातात. त्यात चिखलदऱ्याच्या चढावर पुढचं चाक उचलतं.

दुसरी अडचण इथल्या लोकांना सांगायला नको. जुलै लागला की पांधनीतली काळी माती टायरला चिकटते, त्यात कुटार आणि पऱ्हाटीच्या काड्या मिसळतात आणि चेनस्टेच्या (मागच्या चाकाच्या दोन बाजूंच्या खालच्या नळ्यांच्या) मध्ये विटेच्या गाऱ्यासारखा गोळा बसतो. चाक फिरत नाही. मग सायकल खांद्यावर आणि मास्तर गुडघाभर गाऱ्यात. पोरं हसतात.

एका फ्रेम बनवणाऱ्याशी फोनवर बोललो. ४१३० क्रोमोली स्टीलची, माझ्या मापाची, चिखलाला जागा ठेवून बनवून देतो म्हणाला. भाव तयार स्टील फ्रेमच्या दुपटीला टेकतो आणि वाट बघायची सहा-सात महिने. बायकोचं म्हणणं, एवढ्यात शेताला तुषार संच येईल. तिचंही चूक नाही.

तर मापाची फ्रेम माझ्यासारख्याला खरंच लागते का? की तयार फ्रेमवर स्टेम (हँडल धरणारा तुकडा) आणि हँडल बदलून भागेल? आणि स्टील घेतली तर गावातच वेल्डिंग होईल, हा हिशोब बरोबर आहे का?

सातपुडा२९

सर, आधी एक करा. "लार्ज", "एक्सएल" हे शब्द सोडून द्या. प्रत्येक कंपनीचं लार्ज वेगळं. तक्त्यातले दोनच आकडे धरा, रीच आणि स्टॅक. रीच म्हणजे बीबीपासून हेड ट्यूबच्या (फोर्क जिच्यात बसतो त्या पुढच्या नळीच्या) माथ्यापर्यंतचं आडवं अंतर, स्टॅक म्हणजे उभं.

इनसीमला ०.८८३ ने गुणायचा जुना हिशोब लावला तर तुमची सीट बीबीपासून ८२ सेंमीवर येते. अंदाजच आहे, पण कामाचा. ६३५ मिमी स्टॅकच्या लार्जवर एवढी सीट वर काढली की हँडल सात-आठ सेंमी खाली जाणारच. मान आणि तळहात दुखत असतील तर कारण हेच.

आता एक्सएलकडे बघा. स्टॅक जास्त मिळतो, रीच जास्त वाटतो. पण ६६ अंशाच्या हेड अँगलवर (हेड ट्यूबच्या कलावर) स्टेमखाली १० मिमी स्पेसर (कड्या) टाकले की हँडल चार मिमी मागे येतं. ३० मिमी स्पेसर म्हणजे १२ मिमी रीच आपोआप कमी. त्यावर ३५ किंवा ४० मिमीचा स्टेम आणि ५० मिमी राइजचं हँडल. हातांचा ताण गेला समजा, आणि खर्च फ्रेमच्या मानाने किरकोळ. फक्त स्टिअरर (फोर्कची वरची नळी) आधीच आखूड कापलेला नसावा, ते बघून घ्या.

माझं मत सरळ आहे. निव्वळ हात-पायाच्या मापासाठी कस्टम लागणारी माणसं फार थोडी. तुम्ही त्यात बसत नाही.

गाविलगड

वरच्या भाऊंचं हँडलबाबत पटलं. पण चढावर चाक उचलण्याचा मुद्दा त्यांनी सोडून दिला, आणि मास्तरांचं खरं दुखणं तेच आहे.

तक्त्यात सीट अँगल "७५ अंश" लिहिलेला असतो तो इफेक्टिव्ह, म्हणजे सीट साधारण हँडलच्या पातळीला असताना मोजलेला. नळी प्रत्यक्षात ७२ अंशातच वाकलेली असू शकते, खाली बीबीच्या पुढून निघालेली. बुटक्या माणसाला काही फरक पडत नाही. तुमच्यासारखा सीट जेवढी वर काढतो तेवढी ती मागे सरकत जाते. ८२ सेंमीवर एक अंशाचा फरक म्हणजे जवळपास दीड सेंमी. दोन अंश हुकले की बूड मागच्या ॲक्सलच्या दिशेने तीन सेंमी गेलं. धामणगावच्या घाटात चाक उचलणार नाही तर काय होईल?

फोर्क दबला की अँगल सुधारतो असं कुणी सांगेल. सपाटीवर खरं आहे. हार्डटेल फक्त पुढून बसते, त्यामुळे सीट अँगल आणि हेड अँगल दोन्ही उभे होतात. पण चढावर वजन मागे गेलं की फोर्क पुन्हा वर येतो आणि कागदावरचाच अँगल तुमच्या वाट्याला येतो.

तर तयार फ्रेम घेताना इफेक्टिव्हसोबत ॲक्च्युअल सीट ट्यूब अँगल मागा. कंपनी देत नसेल तर बाजूने काढलेल्या फोटोवर कोनमापक ठेवा, मास्तरांकडे असेलच. ॲक्च्युअल ७४ च्या वर असेल तर डोळे मिटून तयार घ्या. ७१-७२ असेल तर सीट रेल्सवर पुढे सरकवून सेंमीभर मिळेल, त्यापुढे नाही. तिथे कस्टमला अर्थ आहे.

लेथवाला

मास्तर, वेल्डिंगचं मी सांगतो. आमच्या दुकानात ट्रॉल्या, कल्टिव्हेटर, पाण्याच्या टाक्या येतात. "स्टील आहे म्हणजे गावात वेल्ड होते" हे सायकलवाले मोठ्या विश्वासानं बोलून राहिले, पण चांगली क्रोमोली नळी जोडाजवळ ०.८ मिमी आणि मध्ये ०.५ असते. आमच्याजवळची रॉड ३.१५ ची. आर्क मारला का भोक. अडीचच्या रॉडनं बी तेच होईन. ट्रॉलीवाल्याच्या हाती ती फ्रेम देऊ नका, आमच्याही नाही.

टिग (बारीक कामाचं गॅस-आर्क वेल्डिंग) लागते. अमरावती-नागपूरच्या एमआयडीसीत स्टेनलेसची कामं करणाऱ्यांजवळ भेटते. पण फ्रेम सरळ धरायला जिग (साचा) नाही, म्हणून मागचं चाक तिरपं येण्याची भीती राहतेच. त्यापेक्षा एखादा जुना सायकल मिस्त्री सापडला, जो गॅसनं पितळ भरते, तं त्याच्यावर माझा जास्त भरवसा. पितळ वितळते तेव्हा नळी वितळत नाही. जुन्या काळ्या सायकलींच्या फ्रेमा अशाच जोडल्या जात.

अल्युमिनियमचं तं विचारूच नका. ६०६१ टी६ असेल तर वेल्ड केल्यावर जोडाजवळचा भाग मऊ पडते. कारखान्यात वेल्डिंग झाल्यावर पुरी फ्रेम भट्टीत तापवून, पाण्यात विझवून पुन्हा कडक करतात. ते गावात कोण करून देईन? टांगली ते चांगलं केलं.

पूर्णाकाठ

चिखलाचं कुणीच बोलून नाही राहिलं.

२.४ चा टायर म्हणजे साधारण ६१ मिमी रुंद. दोन्ही बाजूंना सहा-सात मिमी जागा असलेली फ्रेम कागदावर "२.४ चालतो" म्हणून विकली जाते, आणि ते खोटं नाही. सह्याद्रीच्या लाल मातीत चालूनही जाईल. आपल्या काळ्या मातीत वीस मिमी ठेवली तरी भरते. मापाची फ्रेम करूनही पुरती सुटका नाही, कारण चेनस्टेच्या बाहेर चेनरिंग असते. जागा वाढवायची तर चेनस्टे लांब करावे लागतात, ४३५ च्या ऐवजी ४५० करा. सायकल वळायला थोडी आळशी होते, पण चढावर पुढचं चाक खाली राहते. तुमच्यासाठी ते फायद्याचंच.

मी काय करतो सांगू? जून ते सप्टेंबर २.१ चे टायर. त्याच फ्रेममध्ये एका बाजूला चार मिमीच्या आसपास जागा वाढते, आणि अरुंद टायर गाऱ्यात खाली कडक जमिनीपर्यंत जातो. दसऱ्याला पुन्हा २.४. बाभळीच्या काट्यासाठी टायरमधलं सीलंट (भोक बुजवणारा द्रव) बारा महिने लागतेच, आणि मे महिन्यात ते लवकर आटते म्हणून पाहत राहा.

आणि पांधनीत गारा चिभडला असेल तर धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधानं जा. त्याले कोणतीच फ्रेम पुरत नाही.

सातपुडा२९

एक राहिलं. परदेशातून फ्रेम मागवायचा विचार असेल तर फ्रेमच्या किमतीवर वाहतूक, सीमाशुल्क, जीएसटी सगळं चढतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, हे खरं. पण सीमाशुल्क वेगळं आणि ते तसंच डोक्यावर.

कस्टम करायचीच ठरली तर ॲडव्हान्स देण्याआधी पूर्ण नकाशा हातात घ्या. त्यात फोर्कची ॲक्सल-टू-क्राउन (चाकाच्या आसापासून फोर्कच्या माथ्यापर्यंतची) लांबी लिहिलेली पाहिजे. फोर्क २० मिमीने लांब निघाला की हेड अँगल जवळपास एक अंशाने पडतो आणि बीबी वर जाते. मागे यूडीएच हँगर (मागचा गिअर टांगायचा, सगळीकडे एकसारखा तुकडा) बसेल असा ड्रॉपआउट (मागचा आस बसतो ती जागा) मागा. ही २०१९ मध्ये आलेली पद्धत आता बहुतेक ठिकाणी चालते, हँगर तुटला तर नागपुरात मिळून जाईल. स्वतःचा खास हँगर बनवणाऱ्यापासून लांब राहा.

गाविलगड

स्टील घेतलीत, तयार असो की मापाची, आतून तेल फिरवा. परदेशात लोक त्यासाठी डबा विकत घेतात. आपल्याकडे जवस आहे. घाण्याचं जवसाचं तेल सीटपोस्टच्या तोंडातून ओतायचं, फ्रेम चारी बाजूंनी फिरवायची, जास्तीचं निथळू द्यायचं आणि उन्हात ठेवायचं. जवसाचं तेल सुकून आत पातळ थर धरतं, करडईचं किंवा सोयाबीनचं तेवढं लवकर सुकत नाही. एप्रिल-मेचं ऊन यासाठी उत्तम. बीबीच्या खाली निचऱ्याचं भोक आहे का तेही बघा, नसेल तर पावसाचं पाणी तिथेच साचतं.

पांधनवाला

सगळ्यांचे आभार. लेथवाले भाऊ, तुमच्यामुळे एक मोठा गैरसमज गेला. स्टील घ्यायचं माझं अर्धं कारण तेच होतं.

आज कोनमापक लावलं. तुटलेल्या फ्रेमचा खरा सीट अँगल ७१ च्या आसपास निघाला, तक्त्यात ७४.५ लिहिलेला आहे. घाटातल्या त्रासाचं उत्तर मिळालं.

सध्याचा विचार असा: तयार क्रोमोली एक्सएल, स्टॅक ६५० च्या वर, ॲक्च्युअल अँगल ७४ च्या जवळ, चेनस्टे ४४० च्या पुढे. अशी मिळाली तर ४० मिमीचा स्टेम, उंच हँडल, पावसाळ्यात २.१ चे टायर, आणि उरलेले पैसे तुषार संचाला. दोन कंपन्यांना ॲक्च्युअल अँगल विचारणारा मेल टाकला. एकीचं उत्तर आलं, त्यात पुन्हा इफेक्टिव्हच पाठवला आहे. दुसरीची वाट बघतो. दोघींचेही आकडे जमले नाहीत तर मात्र बनवणाऱ्याला लांब चेनस्टे आणि उभ्या सीट ट्यूबचा नकाशा मागेन. लांब हेड ट्यूब नको म्हणून सांगेन, ती हँडलने भागते.

अमरावती किंवा अकोल्याकडे कुणाकडे एक्सएल स्टील हार्डटेल असेल तर दहा मिनिटं बसून बघायला मिळेल का? येताना संत्री घेऊन येतो.

लेथवाला

अचलपूरला एक पोरगा आहे, त्याच्याजवळ आहे स्टीलची. साइज विचारून सांगतो. संत्री आंबिया बहाराची आणा, मास्तर.