पदवीनंतर अभ्यासिकेत बसणारी पोरं आळशी नाहीत

गोदाकाठ

एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर तर रोज कुणीतरी नव्याने टाकतोय. म्हणणं असं की पदवी झाली की सहा महिन्यांत मिळेल ते काम धरा. स्पर्धा परीक्षेच्या नावाखाली पुण्यात बापाच्या पैशावर राहणारी पोरं आळशी आहेत, त्यांना कष्ट नकोत. खाली टाळ्याच टाळ्या.

मी पुण्याच्या नवी पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करत काही वर्षं काढली. निवड झाली नाही. आता संभाजीनगरला एका विमा कार्यालयात आहे. त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

एका खोलीत चार कॉट, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा, चालू घडामोडींच्या मासिकांची चळत. सकाळी अभ्यासिका उघडायच्या आधी खाली पोरं उभी असतात. रात्री कुलूप लावायला माणूस येतो तेव्हा नाइलाजाने उठतात. मेसला रविवारी संध्याकाळी सुट्टी, त्या रात्री वडापाव किंवा काहीच नाही. यात आळस कुठे दिसला?

आणि 'मिळेल ते काम' म्हणजे कोणतं, तेही ऐका. माझ्यासोबत बीएस्सी झालेल्यांपैकी एक जण पतसंस्थेची पिग्मी गोळा करतो, एक कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर उभा असतो, दोघे फायनान्सच्या वसुलीला मोटारसायकलवर गावोगाव फिरतात. यांतल्या एकाही कामाला तीन वर्षांची पदवी लागत नाही. तालुक्याच्या ठिकाणी पदवी मागणारी आणि महिन्याच्या महिन्याला पगार देणारी नोकरी सरकारचीच. मग पोरं तिकडे धावणार नाहीत तर कुठे?

राहिला वर्षांचा प्रश्न. ५ एप्रिल २०२० ला ठरलेली एमपीएससीची राज्यसेवा पूर्वपरीक्षा झाली २१ मार्च २०२१ ला. पहिल्यांदा कोरोना होता, मान्य. पण नंतरही तारखा हलत राहिल्या, आणि १४ मार्चची परीक्षा तोंडावर पुढे ढकलली तेव्हा पोरं रस्त्यावर बसली. २०२४ ची पूर्व २८ एप्रिलला होती. ती ६ जुलैला गेली, मग २५ ऑगस्टला, शेवटी १ डिसेंबरला. एका पूर्वपरीक्षेसाठी सात महिने जास्तीचं खोलीभाडं, सात महिने मेस. पोरांनी वर्षं वाया घालवली म्हणता, त्यातली वेळापत्रकाने किती खाल्ली ते आधी मोजा.

चाकण_फेज_दोन

तळमळ पोचली. पण मी दुसऱ्या बाजूला बसतो, तिथलं सांगतो. आमचं वाहनांच्या सुट्या भागांचं छोटं युनिट आहे, मोठ्या कंपनीचे व्हेंडर. क्वालिटीला माणूस हवा म्हणून मागच्या वर्षी मुलाखती घेतल्या. एकोणतीस-तीस वयाचे बीएस्सी, बीई आले. राज्यघटनेतली कलमं तोंडपाठ. हातात जाडी मोजायचा मायक्रोमीटर दिला तर रीडिंग घेता येईना. मधली सहा-सात वर्षं काय केलं, तर 'तयारी'. मी त्याला बावीस वर्षांच्या फ्रेशरच्या जागेवर घेऊ की अनुभवी माणसाच्या? फ्रेशरचा पगार त्याला परवडत नाही आणि अनुभव त्याच्याकडे नाही.

तो मजकूर उद्धट आहे, मान्य. पण मुद्दा खरा आहे. बावीसाव्या वर्षी कामाला लागलेला पोरगा तिशीत सुपरवायझर होतो. अभ्यासिकेतला तिशीत ट्रेनी होतो.

गोदाकाठ

त्या सुपरवायझरची पगाराची पावती पण दाखवा. माझा मावसभाऊ तुमच्याच पट्ट्यात होता. ठेकेदाराच्या नावावर. सात महिने झाले की ब्रेक, पुन्हा दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर नवा. गेटपास बदलायचा, मशीन तेच. पाच वर्षांनी त्याच्याकडे अनुभवाचं एकही पत्र नव्हतं, कारण कंपनी म्हणे तो आमचा नाही आणि ठेकेदार फोन उचलेना. मायक्रोमीटर त्याला उत्तम येत होता. झाला का सुपरवायझर?

हापूसवाला

आमच्याकडे रत्नागिरीत आंब्याच्या बागा नेपाळी गडी सांभाळतात. मोहोरापासून पेटी भरेपर्यंत तेच. गावातले बीए-बीकॉम झालेले मुंबईला दहा बाय दहाच्या खोलीत राहतात, पण बागेत उतरायला लाज वाटते. कुणीतरी हे पण बोला.

तासिका_तत्त्व

कोणी त्या पदवीबद्दलच बोलत नाही म्हणून लिहितो. मी सेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) पास आहे, पीएचडी आहे, वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. सुट्टी आली की तास नाही, तास नाही की पैसे नाहीत. झालेल्या तासांचं मानधन कधी दिवाळीनंतर येतं, कधी वर्ष संपल्यावर. विभागात पूर्णवेळ एकच प्राध्यापक, तेही नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायलींत. प्रात्यक्षिकांचे जर्नल मुलं मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवतात, मी सही करतो, कारण उपकरण बंद आहे आणि दुरुस्तीला पैसे नाहीत. चाकणचे साहेब म्हणतात मायक्रोमीटर येत नाही. कुठून येणार? आधी प्राध्यापक भरा, मग पदवीधरांना नावं ठेवा.

चाकण_फेज_दोन

सर, तुमचं दुखणं खरं आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढा.

@गोदाकाठ, ब्रेक देणारे आहेत, नाही म्हणत नाही. आम्ही देत नाही. आणि सरकारने २०२४ ला काढलेल्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना दहा हजार होते. तिथे तरी काम शिकायला मिळालं असतंच.

गोदाकाठ

सहा महिन्यांची योजना, ओरड झाल्यावर पाच महिने वाढवली. अकरा महिन्यांनी पोरगा पुन्हा घरी. आमच्या पंचायत समितीत अशी पोरं टपाल नोंदवत होती. हे काम शिकणं आहे का?

कृष्णा_कोयना

मघापासून वाचतेय. सगळीकडे पोरं, पोरं, पोरं. पोरगा तीस वर्षांचा होईपर्यंत बसू शकतो, हे सगळ्यांनी गृहीतच धरलंय. कराडजवळचं आमचं गाव. मी बीए झाले, विद्यापीठात वरच्या नंबरात होते. वडिलांनी सांगितलं, पुढची पूर्व दे, निघाली तर बघू, नाहीतर स्थळं बघायला सुरुवात. ती पूर्व म्हणजे २०२० ची.

वर तारखा दिल्याच आहेत. परीक्षा पुढे गेली, माझी मुदत नाही गेली. जानेवारी २०२१ मध्ये माझं लग्न झालं. मार्चमध्ये परीक्षा झाली तेव्हा हॉलतिकीट होतं, पण सासरी पाहुणे होते. पेपर फुटला, तारीख हलली की पोराचं खोलीभाडं वाढतं. मुलीचा विषयच संपतो.

पुरंदर७

ताई, वाईट वाटलं. पण मुलींना प्रत्येक प्रवर्गात समांतर आरक्षण तीस टक्के आहे, कट-ऑफ कमी लागतो. माझ्यापेक्षा कमी गुणांवर मुली एसटीआय (राज्यकर निरीक्षक) झाल्या आणि मी एका गुणाने बाहेर. त्यामुळे मुलींवर अन्याय वगैरे जरा जपून बोला.

कृष्णा_कोयना

मी तुमच्या एका गुणाबद्दल बोलतच नव्हते. जागा कुणासाठी राखीव आहे हा परीक्षेला बसल्यानंतरचा प्रश्न. मी परीक्षेला बसूच न शकलेलीबद्दल बोलतेय. आमच्या वर्गात मुली जास्त होत्या. पुण्याला तयारीला किती गेल्या? एक. तिचा भाऊ तिथे नोकरीला होता म्हणून. बाकीच्यांना पहिला प्रश्न, राहणार कुठे आणि कुणासोबत. कट-ऑफ कमी लागतो तो मुली कमी हुशार म्हणून नाही, तिथवर पोचू दिलेल्या कमी म्हणून. याचा एकदा विचार करा.

पुरंदर७

म्हणजे आम्ही कष्ट केले ते काहीच नाही? माझ्या वडिलांनी मला पाठवायला दोन म्हशी विकल्या. मला पण घरून रोज विचारतात, कधी लागणार. लग्नाच्या बाजारात 'एमपीएससी करतो' म्हटलं की मुलीकडचे चहा न घेता उठतात. ते पण सांगा की. तुमचं लग्न तरी झालं.

कृष्णा_कोयना

'तुमचं लग्न तरी झालं' हे तुम्ही लिहिलंत तसं तुमच्या बहिणीसमोर मोठ्याने वाचून दाखवा.

मुळा_मुठा

पुरंदर, जरा शांत व्हा, हे वाक्य खरंच नको होतं. मी नारायण पेठेत राहते, मुलींना कॉट बेसिसवर ठेवते. मुलींच्या घरच्यांची घाई मी रोज बघते. वडील सोडायला येतात तेव्हाच मला विचारतात, 'साधारण वर्षात होतं ना हो?' एक मुलगी पूर्व निघालेली, मुख्यची तयारी चालू, आणि दिवाळीला घरी गेली ती परत आलीच नाही. तिचा काका येऊन गादी आणि पुस्तकं घेऊन गेला. डिपॉझिट परत करताना मी म्हटलं, मुख्य देऊ द्या तिला. ते म्हणाले, मुलगा बँकेत आहे, असं स्थळ थांबत नाही.

नाव_नको

मी दुसऱ्या बाजूची. झाले मी. गट ब मधून. मला घरून पूर्ण मोकळीक होती, आईने चुलत्यांशी भांडून ठेवलं होतं. पण एक अडचण कुणी बोलत नाही. खुल्या गटातल्या महिलांना राखीव जागेसाठी नॉन-क्रीमीलेअर (घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचं) प्रमाणपत्र लागायचं. ते आणायला तहसीलला किती खेटे घातले ते माझं मला माहीत. २०२३ ला अट काढली तेव्हा माझी निवड होऊन गेली होती, तरी बरं वाटलं. पुरंदर७ यांना सांगते, राखीव जागा कुणी ताटात वाढून दिली नाही.

पुरंदर७

ठीक. लग्नाचं वाक्य मागे घेतो. एका गुणाचं घेणार नाही. तो गुण माझा गेलाय, तो कुणाच्या घरच्या अडचणीने भरून येत नाही.

कृष्णा_कोयना

तो गुण तुमचाच. त्याचा राग आयोगावर काढा, उत्तरतालिकेत प्रश्न रद्द करणाऱ्यांवर काढा. तुमच्यापुढे निवड झालेल्या मुलीवर कशाला?

हापूसवाला

बागेबद्दल कुणीच बोललं नाही.

चाकण_फेज_दोन

मूळ मुद्द्यावर येऊ का? माझं म्हणणं, संधींना मर्यादा हवी. आयोगाने डिसेंबर २०२० ला खुल्या गटासाठी सहा संधी ठरवल्या होत्या, नंतर तो निर्णय मागे घेतला. तो ठेवायला हवा होता. खुल्याला अडतीस, मागासवर्गीयांना त्रेचाळीस वयापर्यंत दार उघडं ठेवायचं म्हणजे पोरं दारातच उभी राहणार. कुणीतरी त्यांना 'आता बास' म्हणायला नको का?

गोदाकाठ

संधी मोजायच्या तर दरवर्षी ठरल्या तारखेला संधी द्या, मग मोजा. जाहिरात कधी येईल माहीत नाही, जागा किती ते माहीत नाही, निकाल कधी ते माहीत नाही, निकाल लागला तरी नियुक्तीपत्राला वर्ष. निवड झालेली पोरं नियुक्तीसाठी उपोषणाला बसलेली मी पाहिली आहेत. अशा कारभारात फक्त उमेदवारालाच मर्यादा?

आणि दारात उभं राहायचे पैसे कोण घेतं तेही बघा. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा, दहा लाखांच्या वर अर्ज, खुल्या गटाला शुल्क हजार रुपये, राखीवला नऊशे. पोराच्या आळसाचं एवढं वाईट वाटतं तर त्याच्याकडून हजार रुपये कशाला घेता?

चाकण_फेज_दोन

शुल्काचं पटलं. तारखांचंही पटलं. पण 'आता बास' कुणी म्हणायचं, याचं उत्तर तुम्ही अजून दिलं नाही. तुम्हाला कुणी म्हटलं?

गोदाकाठ

वडिलांनी नाही म्हटलं, त्यांना वाटायचं मी दुखावेन. खोलीतल्या मोठ्या दादाने म्हटलं. तो मुलाखतीपर्यंत जाऊन आलेला, त्यामुळे त्याचं ऐकलं. बाहेरून 'आळशी' म्हणणाऱ्याचं कुणी ऐकत नाही, आणि ऐकूही नये. तो मजकूर लिहिणाऱ्याला मला हेच सांगायचंय. आत बसलेल्या पोराला रोज रात्री कॉटवर पडल्यावर तोच हिशेब दिसत असतो. त्याला शिवी नको, दुसरी वाट दाखवा. तुमच्याकडे जागा आहेत म्हणता, तर तिशीचा, अनुभव नसलेला, पण बारा तास एका जागी बसून शिकू शकणारा माणूस घ्याल का? ठेकेदाराच्या नावावर नाही, तुमच्या.

चाकण_फेज_दोन

क्वालिटीत एक जागा आहे. सहा महिने शिकवेन, पगार फ्रेशरचा, पण कंपनीच्या रोलवर, पीएफसकट. इथे एवढं बोललोय तर पाठवा एकाला. तिशीचा चालेल.

कृष्णा_कोयना

एकीला चालेल का?

चाकण_फेज_दोन

क्वालिटीत मुली आहेत आमच्याकडे. फक्त रात्रपाळी नाही देत त्यांना, बसची सोय नाही.

कृष्णा_कोयना

अटी पाळल्या तर कायदा रात्रपाळीला आडवा येत नाही. तुमच्याकडे रात्रपाळीचा भत्ता किती, आणि तो न मिळाल्याने मुलींचा पगार मुलांपेक्षा महिन्याला किती कमी पडतो, तेवढं सांगा. माझी मावसबहीण बीएस्सी केमिस्ट्री आहे, पंचवीसची. घरच्यांनी तिला दिवाळीपर्यंत वेळ दिलाय.

चाकण_फेज_दोन

भत्त्याचा आकडा उद्या ऑफिसात बघून सांगतो. तिचा बायोडेटा पाठवा. बस नाशिक फाट्यापर्यंत आणता येते का, तेही विचारतो.