लिंगाला ताठरता येत नाही म्हणून गेलो, डॉक्टरांनी ईसीजी लिहून दिला. काय संबंध?

गुमनाम_४५:
नाव लपवतोय, समजून घ्या. वय ४५. वर्षभर झालं, ताठरता नीट येत नाही, आली तरी टिकत नाही, सकाळी उठल्यावर पण पूर्वीसारखं नसतं. मेडिकलमधून गोळी आणून घेतली, फरक पडला, पण म्हटलं एकदा दाखवून घेऊ, तर डॉक्टरांनी बीपी बघितलं (१५०/९६ निघालं) आणि शुगर, लिपिड, ईसीजी सगळं लिहून दिलं. छातीत कधी दुखलं नाही, तीन जिने चढतो. दिवसाला ५-६ सिगारेटी, बाकी काही नाही. हे बिल वाढवायचं काम आहे का?

साताऱ्याचा_पाव्हणा:
५-६ सिगारेटी आणि "बाकी काही नाही", वा! अहो डॉक्टर बरोबर आहेत. तिथल्या रक्तवाहिन्या जेमतेम १-२ मिमीच्या, हृदयाच्या ३-४ च्या. बीपी, शुगर, तंबाखूने आतलं अस्तर खराब झालं की नळी सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड कमी तयार होतं, नळी सैल पडत नाही, रक्त भरत नाही. बिघाड सगळीकडेच असतो पण बारीक नळी आधी बोंबलते. छातीत दुखायच्या दोन ते पाच वर्षं आधी हे दिसू शकतं, म्हणून आत्ता दुखत नाही याला फार अर्थ नाही.

मंजिरी_के:
आमच्याकडे ह्यांचं टेन्शन टेन्शन म्हणून दोन वर्षं घालवली, शेवटी शुगर निघाली.

निवांत_माणूस:
सगळ्यांचंच हृदयावर ढकलू नका पण. अचानक सुरू झालं आणि सकाळी व्यवस्थित असेल तर बहुतेक वेळा डोक्यातलं असतं. बीपीच्या काही गोळ्यांनी पण होतं, फक्त मनाने बंद करू नका, डॉक्टर बदलून देतात. तुमचं हळूहळू आलंय, सकाळीही नाही, वर बीपी, म्हणजे तपासाच.

फार्मसीवाला:
त्या गोळीबद्दल कोणी बोललंच नाही. सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) मुळात छातीच्या दुखण्यासाठीच तपासत होते, १९९८ ला या कामासाठी अमेरिकेत परवानगी मिळाली. ती घेतली असताना छातीत दुखलं आणि घरच्यांनी वडिलांच्या डबीतली सॉर्बिट्रेट (छातीत दुखल्यावरची गोळी) जिभेखाली ठेवली तर बीपी धाडकन खाली येतं, जीवावर बेतू शकतं. सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास, त्याच प्रकारच्या टाडालाफिलनंतर ४८ तास सॉर्बिट्रेट नाही. कॅज्युअल्टीत लाजू नका, आधी हेच सांगा. आणि बसस्टँडवरच्या "शुद्ध आयुर्वेदिक" पुड्यांत पण हेच मिसळलेलं सापडतं, त्यामुळे त्याही नकोत.

गुमनाम_४५:
बरं, शनिवारी जातो. उपाशी जायचं का?

साताऱ्याचा_पाव्हणा:
हो, रात्री जेवून झोपा, सकाळी फक्त पाणी. डॉक्टरांना विचारून टेस्टोस्टेरॉनही (पुरुषी हार्मोन) त्याच रक्तात करून घ्या, ते सकाळीच बघतात. आणि लॅबला जाताना सिगारेट नको, बीपी परत मोजतील.