एक सिकलसेल, चार धडे

बारावीच्या जीवशास्त्राची उजळणी धडावार झाली की अनेक धडे जोडणाऱ्या प्रश्नाला मुलं अडखळतात. म्हणून मी एकच उदाहरण घेते: सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. फळ्यावर मधोमध विळ्यासारखी वाकडी तांबडी पेशी काढायची आणि नुसतं 'का?' विचारत सुटायचं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरं अमिनो आम्ल आलं म्हणून. ते का आलं? आरएनएच्या तीन अक्षरी संकेतात जीएजीचं जीयूजी झालं, एक अक्षर बदललं. झाली की प्रथिननिर्मितीची उजळणी! आईवडील दोघंही वाहक, म्हणजे या जनुकाची एकच प्रत असलेले, असतील तर? पनेट चौकट, म्हणजे आईवडिलांची जनुकं जुळवून बघायचा तक्ता, मुलांनीच मांडायची. प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता २५ टक्के.

खरी मजा पुढे. इतकं घातक जनुक टिकलं कसं? दोन मिनिटं कोणी बोलत नाही, बोलूही देऊ नका. वाहकांना फॅल्सिपेरम परजीवीमुळे होणाऱ्या मलेरियाचा जीवघेणा त्रास कमी होतो, हे कळलं की नैसर्गिक निवड वेगळी शिकवावी लागत नाही.

नंदुरबार, गडचिरोलीकडच्या मुलांना हा आजार घरातून माहीत असू शकतो, तेव्हा वर्गात कुणाचा रिपोर्ट मात्र विचारू नका. वनस्पतींच्या धड्यांना हे उदाहरण पुरत नाही, तिथे दुसरं शोधा.