केळीच्या धंद्यात स्टार्टअप करतोय, मन कसं धरून ठेवायचं?

सातपुड्याकाठी:
राम राम मंडळी. मी यावल तालुक्यातला, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये होतो, आता गावी येऊन केळीवाले शेतकरी आणि बाहेरचे खरेदीदार थेट जोडायचं काम सुरू केलंय. बागेचे फोटो, घडाचं अंदाजे वजन, कापणीची तारीख सगळं मोबाईलवर, भाव आधी ठरतो आणि पैसे खात्यात. शेतकरी नीट ऐकून घेतात, चहा पाजतात, "बरं आहे भाऊ, पाहू" म्हणतात आणि कापणीच्या दिवशी बागेत नेहमीच्याच व्यापाऱ्याची कापणी मजुरांची टोळी उभी असते. सॉफ्टवेअरमधली अडचण असली तर मी रात्रभर बसून सोडवतो पण हे रोजचं "पाहू" आतून पोखरतंय. बोर्डावर रोज जाहीर होतो तो एक भाव आणि बागेत दुसरा, तो राग वेगळाच. वडील काही बोलत नाहीत पण चेहऱ्यावर दिसतं, लग्नाची बोलणी निघाली की पहिला प्रश्न नोकरी का सोडली. झोप नीट लागत नाही. काम सोडायचं नाहीये. ज्यांनी या धंद्यात वर्षं काढली त्यांनी सांगा, कसं टिकता?

सावदेकर:
आमच्या घरात केळीचाच व्यापार, त्यामुळे त्या बाजूने सांगतो, राग मानू नको भाऊ. व्यापारी शेतकऱ्याला नुसता भाव देत नाही. टोळी तो आणतो, गाडी तो लावतो, अडीनडीला उचल तो देतो, माल दिल्लीला पोचेपर्यंत खराब झाला तर पैसे त्याचे अडकतात. आणि मे-जूनच्या वादळात बाग आडवी झाली की शेतकरी पहिला फोन त्यालाच लावतो कारण पडलेला माल लगेच उचलणारं दुसरं कोण आहे? बोर्डापेक्षा कमीने कापणारे आहेत, ते चूकच आहे, मी त्यांची बाजू घेत नाही. पण तुझ्या मोबाईलमध्ये भाव आहे, टोळी नाही. शेतकरी तुला नाही म्हणत नाहीये, वर्षाची कमाई नवीन माणसाच्या हाती द्यायला तो घाबरतोय. हे एकदा डोक्यात बसलं की "पाहू" मनाला लागत नाही, पुढे काय विचारायचं ते कळतं.

केळीवाली ताई:
सावदेकर दादांचं पटलं. मी जळगावजवळ रायपनिंग चेंबर म्हणजे केळी पिकवायची थंड खोली चालवते, १६ ते १८ डिग्रीला इथिलीन वायू देऊन माल पिकवतो, त्याला चार-पाच दिवस जातात. सुरुवातीला लोक तोंडावर म्हणायचे एवढा खर्च कशाला, कार्बाइडची पुडी टाका, माल लगेच पिवळा होतो. त्याला बंदी आहे हे माहीत असून म्हणायचे. बाई चेंबर चालवते म्हटल्यावर तर काही जण हिशोबाचं बोलायला मालक कुठे आहेत विचारायचे. मला कशाने तारलं सांगू का, मी महिन्याचे आकडे बघणं सोडलं. टिश्यूकल्चरची केळी कापणीला यायला ११-१२ महिने घेते, म्हणजे एका बागेवर तुला आजमावून बघायची शेतकऱ्याला संधीच वर्षातून एकदा मिळते आणि तू दर आठवड्याला स्वतःला नापास करतोयस! एक मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागण), एक कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागण) पूर्ण जाऊ दे मग हिशोब मांड. घरखर्चाचे पैसे धंद्याच्या खात्यातून वेगळे काढून ठेव, रात्री जेवणानंतर भावाचे ग्रुप बंद. आणि झोपेचं हलक्यात घेऊ नको रे भाऊ, मनाच्या त्रासासाठी टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलता येतं. मी स्वतः बोललेय.

पांझराकाठ:
धुळ्याहून लिहितोय. ताईंचं बरोबर पण एक गोष्ट जोडतो, किती पैसे आणि किती हंगाम घालायचे ते आत्ताच वडिलांसमोर बसून ठरव. त्यांना आकडा कळला की त्यांचीही घालमेल कमी होईल आणि तुझ्या डोक्यावरचं ओझं वाटलं जाईल. आपल्याकडे जिद्दीचं म्हटलं की जैन इरिगेशनवाल्या भवरलालभाऊ जैनांचं नाव निघतं. १९६३ ला ७ हजारांवर रॉकेलचा धंदा सुरू केला वगैरे सगळ्यांना पाठ आहे. मला त्यातली १९७८ ची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. केळी पावडरचा जुना कारखाना ३० लाखांना घेतला, हाताशी तेवढे पैसे नसताना, आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन नावाचं एन्झाइम बनवायला लागले. कारखाना धरला, पावडर सोडली. टिकायचं म्हणजे पहिल्या दिवशी जे डोक्यात होतं तेच कवटाळून बसायचं असं नाही भो, तुझं ॲप बाजूला पडलं आणि टोळीचं काम पुढे आलं तर तो पराभव नाही, मी तर म्हणेन तिथेच धंदा आहे.

सातपुड्याकाठी:
सगळ्यांचे आभार, दोनदा वाचलं. वडिलांशी आज रात्रीच बोलतो. सावदेकर दादा, टोळीचं डोक्यात घोळतंय. पण कापणी एकदम अंगावर येते आणि मधे मंदी, तेव्हा माणसं बांधून कशी ठेवायची? रोजंदारी बसून द्यायची माझी ऐपत नाही.

सावदेकर:
बांधून ठेवूच नको. आधी एक मुकादम पकड, दिवसावारीने टोळी घे आणि एकाच गावात काम कर, पाच गावं नको. तांदलवाडीकडे एक्स्पोर्टच्या कापणीला फणी वेगळी करून, धुऊन बॉक्समध्ये भरणारी माणसं तयार झालीयेत, ते काम शिकलेल्या टोळीला मंदीतही कोणी ना कोणी बोलावतं. आमच्या ओळखीचा एक मुकादम आहे, माणूस सरळ आहे. मेसेज टाक, सावद्याला ये, गाठ घालून देतो. येताना वडिलांनाही घेऊन ये.