उताराच्या गल्लीत पाणी जिरवणारे पेव्हर: कंत्राटदार म्हणतो ते चालेल का?

प्रश्न: पर्वतीच्या उतारावरची वस्ती. गल्ली ४० मीटर लांब, २ मीटर रुंद, एकूण उतार २ मीटर. सध्या पीसीसी (साधं सिमेंट काँक्रीट) आहे. जोराचा पाऊस झाला की खालच्या घरांत पाणी शिरतं. कंत्राटदार म्हणतो, नेहमीचेच ब्लॉक फटी ठेवून बसवतो, खाली कच (क्रशरची बारीक चुरी) टाकतो. चालेल?

उत्तर १: कच नको. तिच्यातली डस्ट ओली झाली की गच्च बसते, पाणी वरूनच वाहतं. ६० मिमीचे ब्लॉक, फटींत आणि ब्लॉकखाली ५० मिमी धुतलेली ६ एमएम खडी, त्याखाली २५० मिमी जाड खडी (वर २० एमएम, तळाला ४० एमएम), सगळ्यात खाली जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड). जाड खडी सुमारे ७ ब्रास (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट), बारीक दीड. फटींत सिमेंट अजिबात नाही. जाड खडीत ४० टक्के पोकळी धरली तर ८,००० लिटर मावतं.

उत्तर २: ८,००० सपाट गल्लीत. इथे ५ टक्के उतार आहे, खडीतलं पाणी आतल्या आत खाली धावेल आणि शेवटच्या घरासमोर फटींतून वर येईल. दर ५ मीटरला काँक्रीटची आडवी भिंत हवी, जाड खडीच्या उंचीपर्यंतच. तरी प्रत्येक कप्प्यात पाणी पाचरीसारखं, भिंतीपाशी खोल आणि वरच्या टोकाला शून्य, साठतं, म्हणून निम्मंच धरा, ४,००० लिटर. तो गल्लीवर पडणारा ५० मिमी पाऊस झाला. पत्र्यांचं पाणी यात सोडू नका, पन्हाळीने थेट गटारात न्या.

खणण्याआधी तळाच्या पातळीवर खड्डा करून पाणी भरा, ते जिरलं की पुन्हा भरून मोजा. तासाला १२ मिमीपेक्षा कमी उतरलं तर शेवटच्या कप्प्यातून ११० मिमीचा छिद्रांचा पाइप पावसाळी चेंबरला जोडा.

प्रश्नकर्ता: धुणीभांडी दारातच होतात.

उत्तर ३: मग साबण, राख आणि खरकट्याने फटी आधी तिथेच बुजतील. दोन्ही बाजूंना ३०० मिमी काँक्रीटची पट्टी, तिला कड, आणि ते पाणी ड्रेनेजच्या (सांडपाण्याच्या) चेंबरला. पट्टीखाली जोत्यालगत उभा जाड प्लास्टिक कागद घाला, म्हणजे पाया भिजणार नाही. खडीला १.४ मीटरच रुंदी उरते, त्यामुळे साठवण मात्र २,८०० लिटरवर येईल. नळाच्या लाइन आधी उचलून घ्या, खडीत बुडालेल्या गळक्या जोडातून घाण पाणी आत ओढलं जातं. दर मे महिन्यात फटींतली वरची २० मिमी खडी खरवडून नवी भरा. झाडलेली माती फटींत ढकलू नका, उचला.