मुलाला मार्शल आर्ट्सला घालायचंय आणि मलाही जायचंय, खरंच काही फरक पडतो का?

निवांत_आई
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. मुलगा ८ वर्षांचा आहे, स्वभावाने एकदम लाजाळू, वर्गात कोणी ढकललं तरी गप्प बसतो आणि घरी आल्यावर मुसमुसतो. त्याला कराटे किंवा ज्युदो असं काहीतरी लावावं असं चाललंय. सासूबाई म्हणतात अशाने पोरगं मारकुटं होईल, नवरा म्हणतो शिस्त लागेल, आणि क्लासवाल्यांच्या जाहिराती वाचल्या तर आत्मविश्वास, एकाग्रता, स्वसंरक्षण सगळं चार महिन्यांत मिळतं म्हणे, त्यामुळे विश्वास कशावर ठेवायचा तेच कळेना. दुसरं म्हणजे हसू नका पण मलाही जायचंय. वय ४१, शाळा सुटल्यापासून कुठलाही खेळ नाही, दोन जिने चढले की धाप लागते. ज्यांनी स्वतः केलंय किंवा ज्यांची मुलं जातात त्यांनी प्लीज खरंखरं सांगा.

गादीवरचा
ताई, हसायचं काय त्यात, मीही तिशी उलटल्यावरच ज्युदो सुरू केलं आणि आता लहान मुलांच्या बॅचला सरांना मदत करतो. जाहिराती बाजूला ठेवा. ज्युदोत सुरुवातीला कोणाला पाडायला शिकवतच नाहीत, आधी स्वतः पडायला शिकवतात, त्याला उकेमी म्हणतात. हनुवटी छातीकडे, पाठ गोल, आणि अंग गादीला टेकतं त्याच क्षणी अख्खा हात तळव्यासकट फाटकन गादीवर आपटायचा. डोकं मागे जाऊ द्यायचं नाही आणि घाबरून हात मागे टेकवायचा नाही, मनगट तिथंच जातं. नवीन पोरं आधी डोळे घट्ट मिटून पडतात, मग काही दिवसांनी बघावं तर सरांनी थांबा म्हटलं तरी पडायचं थांबत नाहीत, त्यांना त्या आवाजाचीच मजा वाटते. लाजाळू मुलांना सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो असं माझं मत आहे. सगळ्यांसमोर पडणं म्हणजे फजिती ही भीतीच निघून जाते, कारण तिथं सगळेच पडतात, सरसुद्धा.

सासूबाईंना मारकुटेपणाची काळजी आहे ना, त्यांना एकदा क्लास बघायला आणा. खाली धरून ठेवलेल्या पोराने समोरच्याच्या अंगावर किंवा गादीवर दोनदा थोपटलं की वरच्याने सोडायचं म्हणजे सोडायचं, त्याच सेकंदाला. हे न पाळणाऱ्याला आमचे सर त्या दिवशी बाजूला बसवतात, मग तो कितीही चांगला खेळत असो. दांडगट मुलांना याची सवय व्हायला वेळ लागतो पण होते. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्युदो सुरू केलं तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले धोकादायक डाव सरावातून बाजूला काढले, ते याचसाठी की दोघांनी पूर्ण जोर लावावा आणि तरी दुसऱ्या दिवशी दोघंही धडधाकट परत यावेत. ते स्वतः पेशाने शिक्षक होते, आणि ते त्या सगळ्या रचनेत जाणवतं.

शंकेखोर
थोडा उलटा सूर लावतो, राग मानू नका. क्लास लावला की शाळेतला त्रास आपोआप थांबेल असं धरून चालू नका. आधी वर्गशिक्षिकेशी बोला, ते काम ८ वर्षांच्या पोरावर टाकू नका. आणि आत्मविश्वास वगैरे जे म्हणतात ते मार्शल आर्टमुळे येतं की नियमित कुठलाही खेळ आणि एक चांगला शिक्षक मिळाल्यामुळे येतं, हे वेगळं काढणं अवघड आहे.

सासूबाईंचं म्हणणं मात्र अगदीच चूक नाही हां. १९८६ मध्ये अमेरिकेत एक छोटा अभ्यास छापून आला होता, वाह्यात वागणाऱ्या किशोरवयीन मुलांवर. एका गटाला तायक्वोंदो (कोरियन मार्शल आर्ट, किकवर भर असलेली) पारंपरिक पद्धतीने शिकवलं, म्हणजे ध्यान, आदर, संयम वगैरे सगळ्यासकट, आणि दुसऱ्या गटाला नुसतंच लढायचं तंत्र. पहिल्या गटाची आक्रमकता कमी झाली, दुसऱ्याची वाढली. मुलं थोडीच होती त्यामुळे त्यावर इमला बांधू नका, पण मुद्दा पटण्यासारखा आहे की शिकवणारा कोण आहे यावर सगळं आहे.

आणि बेल्टच्या नादी लागू नका. लहान पोरांना दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट देऊ म्हणणारे भेटतील, दर परीक्षेची फी वेगळी. तायक्वोंदोत १५ वर्षांखालच्या मुलांना मुख्य संस्था ब्लॅक बेल्टची पायरी, म्हणजे 'दान', देतच नाही, लहानांसाठीची वेगळी पायरी, 'पूम', देते, आणि ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या मोठ्या स्पर्धा संघटनेत १९ च्या आत ब्लॅक बेल्ट मिळत नाही. आता बोला.

निवांत_आई
बापरे बेल्टचं हे माहीतच नव्हतं. वर्गशिक्षिकेशी सोमवारीच बोलते. एक भीती अशी की डोक्याला लागलं तर? आणि माझं काय, ४१ ला गुडघे वगैरे?

फिजिओताई
मी फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून डोक्यावरच बोलते. लहान मुलांसाठी डोक्यावर फटका मारायची परवानगी असलेलं काहीही नको, विषय संपला. हेल्मेट घालतो मग काय होतंय असं सांगतील, पण हेडगिअरने मेंदूला बसणारा हादरा टळतो याला पुरावा नाही, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ च्या अहवालात हेच सांगितलंय. माउथगार्डने दात वाचतात, तो जरूर घ्या. स्पर्श न करता किंवा अगदी हलक्या स्पर्शाने सराव करणारे क्लास असतात, सुरुवात तिथून करा.

फायद्याचं म्हणाल तर ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी आणि मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं असं डब्ल्यूएचओ सांगतं, शिवाय मोठ्यांनी आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंना ताकदीचं काम द्यायचं. तासाचे दोन क्लास केलेत तर तुमचा बराचसा कोटा भरतो आणि त्यात ताकद, तोल, लवचिकपणा सगळं थोडंथोडं येतं, जे नुसतं चालण्यातून येत नाही. गुडघ्यांचं म्हणाल तर किकपेक्षा किक मारताना खालचा पाय न फिरवल्याने वाट लागते, टाच वळली पाहिजे, हे सरांकडून सुरुवातीलाच नीट घोटून घ्या. बीपी किंवा जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टर.

जाता जाता, सासूबाईंना 'ताई ची', म्हणजे संथ हालचालींचा चिनी व्यायाम, शिकवणारं कोणी मिळतंय का बघा. वयस्कर माणसांचं पडण्याचं प्रमाण त्याने कमी होतं यावर बऱ्यापैकी भक्कम संशोधन आहे. काय सांगावं, तुमच्याआधी त्याच सुरू करतील 😄

पांढरा_पट्टा
निवांत ताई, माझी केस तुमच्यासारखीच, चाळिशीनंतर कराटे आणि तेही मुलीच्याच क्लासमध्ये. शरीराचं फिजिओताईंनी सांगितलंच, किबा-दाचीत म्हणजे घोड्यावर बसल्यासारखं उभं राहिलं की मांड्या अशा थरथरतात की शेजारच्याला दिसतं. पण मला जास्त फायदा डोक्याला झाला. पहिली काता (म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली), हेयान शोदान, २१ हालचालींची आहे, वाटते सोपी पण मध्येच ऑफिसचा विचार आला की तुम्ही चुकीच्या दिशेला तोंड करून उभे आणि समोर अख्खी रांग तुमच्याकडे बघतेय. तासभर फोन बॅगेत. आणि ऑफिसात मी कितीही मोठा असलो तरी तिथं हिरव्या पट्ट्याची दहा वर्षांची मुलगी येऊन काका कोपर आत घ्या म्हणून सांगते आणि मी घेतो. मोठेपणी आपण येत नसलेली गोष्ट चारचौघांत करतच नाही, ती सवय मोडली की बरं वाटतं, खोटं नाही सांगत.

एकच पथ्य, घरी मुलाचे सर बनू नका. तुझा पंच वाकडा होता वगैरे जेवताना काढायचं नाही. त्याला तुम्हाला शिकवू द्या, लाजाळू पोरगं असेल तर यातूनच खुलतं, माझी मुलगी तर मला ओरडते.

निवांत_आई
सगळ्यांचे खूप आभार. शनिवारी ज्युदोचा ट्रायल क्लास बघायला जातोय, सासूबाईही येतायत (!). तिथं नेमकं काय बघू?

गादीवरचा
मेडल्सचं कपाट बघू नका. शेवटच्या रांगेतल्या सगळ्यात कच्च्या मुलाशी सर कसे बोलतात ते बघा. मोठी पोरं लहानांबरोबर खेळताना जोर आवरतात का, रडणाऱ्या मुलाला चिडवतात की थोडा वेळ बाजूला बसू देतात, आणि पालकांना आत बसायला बंदी आहे का. बंदी असेल तर का ते विचारा, पटलं नाही तर पुढचा क्लास बघा. पूर्ण वर्षाचे पैसे आधी भरू नका, पोराला महिनाभर जाऊ दे मग ठरवा. आणि नखं कापून या, दोघांचीही, समोरच्याची कॉलर धरायची असते आणि पहिल्याच दिवशी कोणाला तरी ओरबाडलं जातं.